जुन्या विनोदी शॉर्ट फिल्म्समधली पाहुणी पोरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणं आटोपली की दहा-वीस मिनिटांची एखादी जुनी अमेरिकन विनोदी फिल्म लावायची ही कित्येक वर्षांची सवय आहे. चॅप्लिन, लॉरेल-हार्डी, थ्री स्टूजेस (मो, लॅरी, कर्ली हे त्रिकूट), अवर गँग (लहान पोरांच्या टोळीची मालिका), जे हाताला लागेल ते. आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच, अरे ते पोरगं कोण होतं रे, दोन मिनिटं आलं आणि सगळा सीन खाऊन गेलं. भाचरं विचारतात, मित्र मेसेज करून विचारतात, आणि बऱ्याचदा फिल्मच्या नावांमध्ये त्या पोराचं नावच नसतं. म्हणून ज्यांच्याबद्दल नीट माहितीय अशा मुलांविषयी नेहमी येणारे प्रश्न इथे एका जागी उत्तरांसकट लिहून ठेवतोय.

पाहुणं पोर म्हणजे नक्की कोण? सगळे बालकलाकार त्यात आले का?

नाही. स्पँकी, अल्फाल्फा, फरीना ही मंडळी अवर गँगची कायमची, पगारावरची, त्यामुळे ती पाहुणी नाहीत. मी बोलतोय ते एखाद-दुसऱ्या फिल्मपुरतं आलेल्या मुलांबद्दल. हिरो दुसराच कुणीतरी आहे, गोष्ट त्याची आहे, आणि मधेच एक कार्टं येऊन त्याची झोप उडवतं किंवा एखादी मुलगी येऊन गाणं म्हणून जाते आणि फिल्म संपल्यावर तुम्हाला तेवढंच आठवत राहतं. या फिल्म्स एका किंवा दोन रिळांच्या असायच्या, एक रीळ म्हणजे साधारण दहा मिनिटं धरा. तेवढ्यात लक्षात राहणं हे मोठ्यांनाही जमत नाही हो.

एकच फिल्म बघायची असेल तर कुठली बघू?

चॅप्लिनची 1923 ची 'द पिलग्रिम'. चार रिळांची आहे म्हणजे बाकीच्यांपेक्षा जरा लांब, पण यातलं पोरगं बघितल्याशिवाय या विषयावर बोलूच नये असं माझं मत आहे. गोष्ट अशी की चार्ली तुरुंगातून पळालेला कैदी, त्याने पाद्रीबुवांचे कपडे चोरलेत आणि एका गावात लोक त्याला आपला नवा पाद्री समजून बसलेत. तो ज्या घरी उतरलाय तिथे एक कुटुंब भेटायला येतं, आई, बाप आणि चारेक वर्षांचं एक दिवटं. हे पोरगं बापाला थोबाडीत मारतं, मग चार्लीला मारतं, परत बापाला, परत चार्लीला, आणि पाद्रीबुवा असल्यामुळे चार्लीला काही करताही येत नाही, नुसतं गोड हसत बसावं लागतं. नंतर तेच पोरगं बापाची हॅट पुडिंगवर ठेवतं आणि चार्ली त्या हॅटलाच पुडिंग समजून वरून सजवतो आणि कापायला बसतो. शेवटी सगळे खोलीबाहेर गेल्यावर चार्ली त्याला जी लाथ घालतो ना, तिथे आमच्या घरात दरवेळी टाळ्या पडतात.

त्या पोराचं नाव डीन रीझनर, फिल्ममध्ये 'डिंकी डीन'. त्याचे वडील चक रीझनर चॅप्लिनचे सहाय्यक होते आणि याच फिल्ममध्ये चोराचं काम त्यांनी केलंय. आता खरी गंमत ऐका. मुलगा प्रत्यक्षात अगदी गुणी होता, चार्लीकाकांना मारायचं म्हटल्यावर तो तयारच होईना. मग चार्ली आणि त्याचा भाऊ सिडनी (फिल्ममध्ये त्या पोराचा बाप झालाय तोच) दोघं त्याच्यासमोर एकमेकांना थोबाडीत मारून खदाखदा हसायला लागले, बघ किती मजा येते म्हणून. हा मारामारीचा खेळच आहे असं पोराला पटलं तेव्हा कुठे शूटिंग झालं. रीझनरने मोठेपणी ही आठवण सांगितलेली आहे. आणि तो मोठेपणी कोण झाला माहितीय? पटकथालेखक. क्लिंट ईस्टवुडच्या 1971 च्या 'डर्टी हॅरी'च्या पटकथाकारांमध्ये त्याचं नाव आहे. पुडिंगवर हॅट ठेवणारं पोरगं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फिल्म परत पहिल्यापासून लावली होती.

जॅकी कूगनची पहिली चॅप्लिन फिल्म 'द किड'च ना?

नाही, त्याच्या आधीची एक आहे. 1919 च्या शेवटी आलेली 'अ डेज प्लेझर' ही दोन रिळांची फिल्म. चार्ली बायको-मुलांना घेऊन फोर्ड गाडीतून फिरायला निघतो आणि गाडी धड चालू होत नाही, त्यात जे सगळ्यात लहान पोरगं आहे ते म्हणजे जॅकी कूगन. काम काहीच नाही, नुसता बसलाय. पण चॅप्लिनने त्याला स्टेजवर वडिलांबरोबर नाचताना बघितलं होतं आणि डोक्यात आधीच काहीतरी शिजत होतं. 1921 मध्ये 'द किड' आला, त्यात हेच पोरगं चार्लीबरोबर मुख्य भूमिकेत, आणि पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. माझं म्हणणं एवढंच की 'द किड' बघायच्या आधी ही छोटी फिल्म बघा आणि त्या गाडीतल्या पोराकडे लक्ष द्या, कारण पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्याच्यावरून नजर हटतच नाही.

थ्री स्टूजेसच्या एका फिल्ममध्ये पायाने अधू मुलगा आहे, तो कोण?

'कॅश अँड कॅरी', 1937. मुलाचं नाव सनी बप. स्टूजेसच्या फिल्म म्हणजे डोळ्यात बोटं, डोक्यात हातोडे, पण ही जरा वेगळी आहे. तिघं आपल्या भंगारातल्या घरी परत येतात तर तिथे एक मुलगी आणि तिचा लंगडणारा धाकटा भाऊ राहायला आलेले असतात. आधी वसकन अंगावर जातात आणि मग मुलाचा पाय बघून तिघंही विरघळतात. त्याच्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करायचे म्हणून भामट्यांकडून खजिन्याचा नकाशा विकत घेतात आणि खोदत खोदत थेट अमेरिकन सरकारच्या तिजोरीत घुसतात! शेवटी प्रकरण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत जातं, आणि राष्ट्राध्यक्ष मुलाच्या ऑपरेशनची सोय करून तिघांना माफीही देतात. मो, लॅरी आणि कर्ली त्या मुलाशी ज्या मायेने बोलतात ते बघून मला दरवेळी भरून येतं, आणि लगेच पुढच्या मिनिटाला कर्ली काहीतरी करतो आणि हसू फुटतं.

या सनी बपचं पुढचं काम तर भारीच. 1941 च्या 'सिटिझन केन'मध्ये केनचा लहान मुलगा आहे ना, भाषणाच्या सीनमध्ये वर सज्जात आईशेजारी बसलेला, बाबा गव्हर्नर झाले का असं विचारणारा, तो हाच. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने एकच मुलगा स्टूजेसच्या झोपडीत पण आहे आणि ऑर्सन वेल्सच्या सिनेमात पण. 2007 मध्ये तो गेला तेव्हा 'सिटिझन केन'च्या श्रेयनामावलीतल्या कलाकारांपैकी शेवटचा उरलेला तोच होता.

ती उचक्या देणारी मुलगी कुठल्या फिल्ममध्ये होती?

'मूव्ही नाइट', 1929, हीरो चार्ली चेस. हा चेस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नोकरदार मध्यमवर्गीय माणसाची फजिती त्याच्याइतकी गोड कुणी दाखवलेली नाही. यात तो कुटुंब घेऊन सिनेमाला जातो आणि मुलीच्या उचक्या काही केल्या थांबत नाहीत, बास, एवढीच गोष्ट. ती मुलगी म्हणजे एडिथ फेलोज, जन्म 1923 चा, म्हणजे पाच-सहा वर्षांची.

ती तिथवर पोचली कशी ते वाचून मी सुन्न झालो होतो. एका माणसाने तिच्या आजीला सांगितलं की पोरीला हॉलिवूडमध्ये काम मिळवून देतो, 50 डॉलर द्या. आजी पैसे जमवून नातीला घेऊन लॉस एंजेलिसला गेली तर दिलेल्या पत्त्यावर नुसता मोकळा प्लॉट. परतीचे पैसे नाहीत, मग आजीने लोकांच्या घरची साफसफाई करायला सुरुवात केली आणि मुलीला शेजाऱ्यांकडे सोडायला लागली. त्या शेजाऱ्यांचा मुलगा सिनेमात छोटी-मोठी कामं करायचा, त्याच्याबरोबर ही स्टुडिओत जायला लागली, आणि त्याला कांजिण्या आल्या तेव्हा काम हिच्याकडे आलं. नंतर अवर गँगच्या 'शिव्हरिंग शेक्सपिअर' आणि 'मश अँड मिल्क'मध्येही ती दिसते, आणि 1935 च्या सुमारास कोलंबिया कंपनीने तिच्याशी मोठा करारच केला. उचकी हा अभिनय म्हणून किती अवघड आहे हे कुणीही आरशासमोर करून बघावं, खोटी उचकी लगेच कळते. हिची कळत नाही. आणि मूकपट आहे बरं का, आवाज नसताना उचकी दिसायला पाहिजे, खांदे, मान, डोळे सगळं त्या एका झटक्यात!

अवर गँग आणि लिटल रास्कल्स एकच का वेगवेगळे?

एकच. हॅल रोच नावाच्या निर्मात्याने 1922 मध्ये 'अवर गँग' सुरू केलं, 1938 मध्ये ते एमजीएम या मोठ्या स्टुडिओला विकलं आणि 1944 पर्यंत मिळून 220 शॉर्ट्स झाल्या. पुढे रोचच्या काळातल्या जुन्या फिल्म्स टीव्हीवर दाखवायची वेळ आली तेव्हा अवर गँग हे नाव एमजीएमकडे अडकलेलं, म्हणून 'द लिटल रास्कल्स' हे नाव दिलं. त्यामुळे आपल्या आधीची पिढी एक नाव घेते आणि टीव्हीवाली पिढी दुसरं, पोरं तीच.

रोचला कल्पना कशी सुचली तेही छान आहे. एक मुलगी ऑडिशनला आलेली, घोकून घोकून तयार केलेली, आणि तो कंटाळून गेला. ती गेल्यावर खिडकीतून बाहेर बघतो तर समोरच्या लाकडाच्या वखारीत पोरं काठ्यांवरून भांडतायत. तो बघतच बसला, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की मी जे इतका वेळ बघतोय ते लोकही बघतील.

'अवर गँग फॉलीज ऑफ 1938' मध्ये स्कॉटिश गाणं म्हणणारी छोटी मुलगी कोण आहे?

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न! नावांमध्ये तिचं नाव अ‍ॅनाबेला लोगन. जगाला ती माहीत आहे अ‍ॅनी रॉस म्हणून, जॅझमधली मोठी गायिका.

फिल्मचं नाव 1938 असलं तरी ती आली डिसेंबर 1937 मध्ये. अल्फाल्फाला ऑपेरा गायचंय, त्याला स्वप्न पडतं की ऑपेरावाल्याने आपल्याला करारात अडकवून रस्त्यावर भीक मागायला लावलंय, आणि इकडे स्पँकीचा क्लब एकदम झगमगाटी झालाय. त्या क्लबमध्ये एकामागून एक मुलं गाणी-नाच करतात आणि त्यात सात वर्षांची ही पोरगी येऊन 'लॉख लोमंड' हे स्कॉटलंडचं जुनं लोकगीत म्हणते. पण कशी! ठसका स्कॉटिश, ताल मात्र स्विंगचा (जॅझमधला झुलता ठेका), आणि खांदे असे उडतात की वाटावं तीस वर्षं क्लबात गातेय. मी हा तुकडा किती वेळा बघितलाय याला हिशेब नाही. आमच्याकडे तर लहान पुतणी तिची नक्कल करते, शब्द एक कळत नाही पण ठसका बरोब्बर.

अ‍ॅनीचा जन्म 1930 चा, लंडनजवळचा, घराणं स्कॉटिश रंगभूमीवरचं. चार वर्षांची असताना अमेरिकेला आली, रेडिओवरची स्पर्धा जिंकली, आणि मावशी एला लोगन (ती पण गायिका) हिच्याकडेच राहिली. 1952 मध्ये तिने वॉर्डेल ग्रे या सॅक्सोफोनवादकाच्या धूनवर स्वतः शब्द लिहून 'ट्विस्टेड' गायलं, ते आजही जॅझ गाणारे लोक शिकतात. म्हणजे वाद्याने जे वाजवलंय त्याच्या प्रत्येक सुरावर शब्द बसवायचे, आपल्याकडे सरगमच्या जागी बोल टाकल्यासारखं. पुढे लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस ही तिघांची जोडणी गाजली, आणि 1993 च्या 'शॉर्ट कट्स' सिनेमात क्लबात गाणाऱ्या बाईच्या भूमिकेत तिला बघताना मला सारखी ती सात वर्षांचीच दिसत होती. 2020 मध्ये ती गेली.

शर्ली टेंपल, मिकी रूनी हे पण अवर गँगमध्ये होते ना?

नव्हते. दोघांनीही तिथे ऑडिशन दिली होती पण घेतलं नाही. मिकी रूनीने 1927 पासून 'मिकी मॅग्वायर' नावाच्या वेगळ्या शॉर्ट्सची मालिका केली, जी अवर गँगला टक्कर द्यायला काढलेली. शर्लीने सुरुवात केली 'बेबी बर्लेस्क्स'मध्ये, 1932 च्या आसपास, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना लंगोटाला भली मोठी सेफ्टी पिन लावून मोठ्यांच्या सिनेमांची नक्कल करायला लावायचे.

नॅनेट फॅब्रे या अभिनेत्रीचं नावही लोक घेतात, ती सुद्धा गँगची नियमित सभासद कधीच नव्हती. जुन्या नटनट्यांच्या नावापुढे 'माजी अवर गँग' असं चिकटवायची पद्धतच पडलीये, तेव्हा फिल्मचं नाव आणि साल मिळाल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

अल्फाल्फा पण आधी पाहुणाच होता का?

हो! 1935 ची 'बिगिनर्स लक'. कार्ल स्विट्झर आणि त्याचा मोठा भाऊ हॅरल्ड हे दोघं गावाकडून आलेले, असं सांगतात की स्टुडिओच्या खानावळीतच दोघांनी गाणं-वाजवणं सुरू केलं आणि रोचने ऐकून लगेच घेतलं. पहिल्या फिल्ममध्ये ते फक्त येऊन गाणं म्हणून जातात. कार्लचा तो बेसूर पण पूर्ण जीव ओतून लावलेला आवाज लोकांना इतका आवडला की तो राहिलाच.

एवढ्याशा मुलांकडून काम करून कसं घ्यायचे?

मूकपटांच्या काळात सोपं होतं, आवाज मुद्रितच होत नव्हता, त्यामुळे दिग्दर्शक कॅमेरा चालू असताना बाजूला उभा राहून सरळ सांगायचा, आता तिकडे बघ, आता घाबर, आता पळ. अवर गँगचा दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन मुलांना संवाद पाठ करायला द्यायचाच नाही, शूटिंगच्या आधी गोष्ट सांगायचा आणि मुलं आपल्या भाषेत करायची. 1929 मध्ये 'स्मॉल टॉक' ही त्यांची पहिली बोलती फिल्म आली आणि हे सगळं बंद. तुम्ही 1929-30 च्या फिल्म्स बघितल्या तर मुलं वाक्य संपलं की थांबून कुणाकडे तरी बघतात असं दिसेल, मला तो अवघडलेपणा पण आवडतो.

शिवाय स्टुडिओतच शाळा होती, फर्न कार्टर नावाच्या बाई शिकवायच्या. सेटवरून बोलावलं की जायचं, झालं की परत वर्गात. पाहुणी पोरंही त्याच वर्गात बसायची.

'पास द ग्रेव्ही' मधलं ते चकणं, ठिपक्याठिपक्यांचं पोरगं खरंच लहान होतं का?

स्पेक ओ'डॉनेल. चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके म्हणून 'स्पेक'. जन्म 1911 चा आणि फिल्म 1928 ची, म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा घोडा, पण मॅक्स डेव्हिडसन या विनोदी नटाच्या आगाऊ मुलाच्या कामात तो हमखास असायचा. त्यामुळे काटेकोर बघितलं तर तो माझ्या पाहुण्यांच्या व्याख्येत बसत नाही, पण सोडवत नाही म्हणून घेतलाय.

गोष्ट ऐका. घरी शेजाऱ्याला जेवायला बोलावलंय, त्याच्या मुलाशी घरच्या मुलीची सोयरीक जुळतेय. पोराला कोंबडी आणायला पैसे दिलेले, ते त्याने खिशात टाकले आणि शेजाऱ्याचाच बक्षीस मिळालेला लाडका कोंबडा कापला. ताट टेबलावर येतं आणि तंगडीला अजून 'पहिलं बक्षीस'चा बिल्ला तसाच! शेजाऱ्याला तो दिसलेला नाही, पोरांना दिसलाय, आणि बापाला काही कळत नाहीये. पुढची सगळी फिल्म म्हणजे पोरं बापाला खाणाखुणा करून, अक्षरशः कोंबडा होऊन सांगायचा प्रयत्न करतायत. वीस मिनिटांत एका बिल्ल्यावर एवढं उभं केलंय. 1998 मध्ये अमेरिकेने ही फिल्म राष्ट्रीय जतनाच्या यादीत घेतली, अगदी योग्य केलं.

या मुलांना त्रास व्हायचा का?

हो, काहींना खूप, आणि हे मला टाळायचं नाहीये. बेबी पेगीचं उदाहरण घ्या. जन्म 1918, दीड वर्षांची असताना आईबरोबर सेंच्युरी स्टुडिओ बघायला गेली आणि शांत बसते, सांगितलेलं ऐकते म्हणून लगेच घेतली. पहिली फिल्म 1921 ची 'प्लेमेट्स', त्यात खरा हीरो ब्राउनी नावाचा कुत्रा आणि ही त्याची पाहुणी. लोकांना ती इतकी आवडली की पुढे तिच्याच नावावर फिल्म्स निघायला लागल्या, दीडशेच्या आसपास तिने केल्या. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे आठ तास काम. पाण्याखाली धरलं, रेल्वेच्या डब्याखाली बसवून प्रवास करायला लावलं, पेटलेल्या खोलीतून पळायला लावलं, हे सगळं तिने स्वतः नंतर लिहिलंय. शाळा नाही. कमाई लाखांत आणि मोठी होईपर्यंत हातात काही नाही. स्टुडिओला 1926 मध्ये आग लागली, त्यात बहुतेक फिल्म्सही गेल्या.

ती पुढे डायना सेरा कॅरी या नावाने लेखिका झाली आणि आयुष्यभर बालकलाकारांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. 2020 च्या फेब्रुवारीत 101 व्या वर्षी गेली.

शर्ली टेंपलनेही आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की बेबी बर्लेस्क्सच्या सेटवर मस्ती करणाऱ्या मुलांना एका काळ्या खोक्यात टाकायचे, आत बसायला फक्त बर्फाची लादी. तीन-चार वर्षांची मुलं. मी तेव्हापासून त्या फिल्म्स लावणं बंद केलं.

पैसे तरी मिळायचे का नीट?

मुलांना? नाही. जॅकी कूगनने लहानपणी कमावलेले अंदाजे 30-40 लाख डॉलर आई आणि सावत्र वडिलांनी उडवले. त्याने 1938 मध्ये कोर्टात केस केली आणि शेवटी त्याच्या हातात साधारण 1,26,000 डॉलर पडले. त्यावरून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, त्याला आजही कूगन कायदाच म्हणतात. 2000 पासून तिथे मुलाच्या कमाईतले 15 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावेच लागतात.

आपल्याकडेही नियम आहेत हे मालिका-जाहिरातींत मुलांना घेऊन जाणाऱ्या कित्येक पालकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. बालमजुरीविषयक कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती लागते, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. मुंबईत किंवा कोल्हापुरात शूटिंग असेल तरी हेच. माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलीला जाहिरातीसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत बसवून ठेवलं होतं आणि आईला वाटत होतं की असंच असतं. असं नसतं. कागद मागा.

कृष्णवर्णीय मुलांना वाईट दाखवलंय, मग बघावं का?

बघा, पण डोळे उघडे ठेवून आणि मुलांबरोबर असाल तर बोलत बोलत. अर्नी मॉरिसन, म्हणजे 'सनशाइन सॅमी', हा मुलगा अवर गँगच्या आधी मूकपटांतला मोठा विनोदी नट हॅरल्ड लॉइड याच्या फिल्म्समध्ये पाहुणा म्हणून यायचा. 1920 च्या 'गेट आउट अँड गेट अंडर'मध्ये गाडी दुरुस्त करणाऱ्या लॉइडच्या मधे मधे लुडबूड करणारा तोच, आणि लॉइडसारख्या माणसासमोर त्याचं टायमिंग कुठेही कमी पडत नाही. हॉलिवूडमध्ये दीर्घ मुदतीचा करार मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कलाकार मानला जातो, आणि तोही एवढासा असताना. त्याच फिल्म्समध्ये भुताला घाबरणं, पिठात पडून पांढरं होणं असले विनोद त्याच्या रंगावर केलेले आहेत, ते तेव्हाही अपमानास्पदच होते. आणि त्याच वेळी अमेरिकेत कित्येक ठिकाणी गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असताना गँगमध्ये सगळी पोरं एका गाढवगाडीत बसून फिरतायत, एकमेकांच्या घरी जातायत, हेही खरं. दोन्ही गोष्टी मी भाच्यांना सांगतो. त्यांना कळतं.

लॉरेल-हार्डींच्या शॉर्ट्समध्ये मुलं कमी का दिसतात?

कारण ते स्वतःच मुलं होते की! 1930 च्या 'ब्रॅट्स'मध्ये तर त्यांनी आपापल्या मुलांची कामं स्वतःच केलीत, फर्निचर अवाढव्य बनवून, त्यामुळे ते खुर्चीवर चढताना खरंच चार वर्षांचे वाटतात. आणि 1933 मध्ये अवर गँगच्या 'वाइल्ड पोझेस' मध्ये ते दोघं बाळं म्हणून क्षणभर येऊन जातात, म्हणजे तिथे मोठी माणसंच पाहुणी पोरं झाली.

पण एक मुलगी आहे, जॅकी लिन. लंडनची, चार वर्षांची. 1932 मध्ये अवर गँगच्या 'फ्री व्हीलिंग' आणि 'बर्थडे ब्लूज' या दोन शॉर्ट्समध्ये ती आली आणि त्याच वर्षी लॉरेल-हार्डीच्या 'पॅक अप युअर ट्रबल्स'मध्ये. ही लांब फिल्म आहे, शॉर्ट नाही, पण तो एक सीन सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. युद्धात मेलेल्या मित्राची ही मुलगी, दोघं तिच्या आजी-आजोबांना शोधत शहरभर फिरतायत, आडनाव स्मिथ, आणि स्मिथ तर हजारो! रात्री स्टॅन तिला झोपवायला तीन अस्वलांची गोष्ट सांगायला बसतो आणि त्याला ती नीट येतच नाही. मग पोरगी म्हणते मी सांगते, आणि त्याचं डोकं जवळ घेऊन ती शांतपणे, बोबड्या ब्रिटिश उच्चारात गोष्ट सांगायला लागते. तो ऐकत ऐकत झोपून जातो.